छोट्या दवाखान्याचे कागद संगणकावर आणताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दवाखान्यातले कागद संगणकावर आणायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी स्कॅनर येतो. मग सगळ्यात जुनं कपाट उघडलं जातं, एका मदतनिसाला त्याच्यासमोर बसवलं जातं, आणि काही आठवड्यांतच काम रेंगाळतं. हाती उरतं ते 'स्कॅन००१', 'स्कॅन००२' अशा नावांच्या हजारो फाइलींचं फोल्डर. त्यात कुणाचा कुठला रिपोर्ट आहे, ते एकेक फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. कपाटात निदान फाइलीच्या पाठीवर पेशंटचं नाव तरी होतं.

घोळ होतो तो क्रमात. स्कॅन करणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे आणि ते खूप उशिरा येतं. आधी पेशंटची ओळख पक्की करायची, मग कागद निवडायचे, मग स्कॅन, मग पडताळणी, आणि कागद हलवायचे ते अगदी शेवटी. पुढचे टप्पे एक-दोन डॉक्टर आणि दोन-चार मदतनीस असलेल्या दवाखान्यासाठी आहेत. दवाखाना सुरू ठेवूनच हे करायचंय असं धरून ते लिहिलेत.

टप्पा १: कागद मोजा

काहीही विकत घेण्याआधी एक आठवडा फक्त बघा. कुठला कागद कुठे तयार होतो, कुणाच्या हातातून जातो, शेवटी कुठे जाऊन पडतो? केसपेपर, ओपीडीचं रजिस्टर, औषधांच्या चिठ्ठ्या, लॅबचे रिपोर्ट, ईसीजी, सोनोग्राफीचे फोटो, डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्रं, दुसऱ्या डॉक्टरांची पत्रं, लसीकरणाचं रजिस्टर, प्रमाणपत्रांच्या कार्बन प्रती, बिलं. टेबलाच्या काचेखाली खोचलेले फोन नंबर आणि ड्रॉवरमधली वही या यादीत हमखास राहून जातात, आणि कामाची माहिती बऱ्याचदा त्यांतच असते.

मग कपाटं मोजा, पण पानं मोजत बसू नका, फूटपट्टी लावा. साध्या कागदाचं ५०० पानांचं रीम जेमतेम ५ सेंटीमीटर जाड असतं, म्हणजे एक मीटर फळीवर जास्तीत जास्त १० हजार सपाट पानं मावतील. जुन्या फाइलींमध्ये घड्या, टाचण्या, पुठ्ठे असतात, त्यामुळे खरा आकडा त्यापेक्षा बराच कमी निघतो. पण अंदाजासाठी हे पुरेसं आहे. सगळं स्कॅन करणं परवडणार नाही, हे बहुतेकांना इथेच कळतं, आणि ते इथेच कळलेलं बरं.

टप्पा २: टाइप काय करायचं, स्कॅन काय करायचं, सोडायचं काय

प्रत्येक प्रकारच्या कागदासाठी तीनपैकी एक निर्णय घ्या आणि तो लिहून भिंतीवर लावा.

टाइप करायचं ते डॉक्टरांना पेशंट समोर बसल्यावर अर्ध्या मिनिटात दिसायला हवं असतं: ओळख, अ‍ॅलर्जी, जुने आजार, सध्या चालू असलेली औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया, लसीकरण, शेवटच्या भेटीची तारीख. एवढंच. वीस वर्षांचा केसपेपर अक्षरशः टाइप करायला बसलात तर काम कधीच संपणार नाही, आणि घाईत टाइप केलेल्या जुन्या नोंदीत नव्या चुका शिरतील त्या वेगळ्या.

स्कॅन करायचं ते पुरावा किंवा संदर्भ म्हणून लागतं: रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पत्रं, सही केलेली संमतीपत्रं, डॉक्टरांच्या हस्ताक्षरातली तपासणीची पानं.

सोडायचं ते म्हणजे एकाच रिपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स, कोऱ्या पावत्या, जाहिरातीची पत्रकं. आणि जे पेशंट अनेक वर्षांत फिरकलेलेच नाहीत, त्यांच्या फाइली. त्या फेकायच्या नाहीत. क्रमानं लावून, खोक्यांवर यादी चिकटवून ठेवून द्यायच्या, आणि पेशंट परत आला तर त्या दिवशी त्याची फाइल संगणकावर आणायची.

इशारा: वैद्यकीय नोंदी किती वर्षं ठेवायच्या, लहान मुलांच्या आणि पोलीस प्रकरणाच्या नोंदींना वेगळी मुदत आहे का, स्कॅन प्रत कायद्याला चालते का, हे देशोदेशी बदलतं. हा टप्पा संपायच्या आत तुम्हाला लागू असलेला नियम लेखी स्वरूपात मिळवा. ऐकीव माहितीवर एकही कागद फाडू नका.

टप्पा ३: एक पेशंट, एक नंबर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथली चूक पुढे प्रत्येक स्कॅनमध्ये, प्रत्येक चिठ्ठीत झिरपत जाते, आणि एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाणं ही या सगळ्या कामातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे.

नावावर विसंबता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी, लग्नानंतर वेगळं, वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. फोन नंबरही एकट्यानं पुरत नाही, कारण एका घरातल्या चौघांचा नंबर एकच असू शकतो. म्हणून प्रत्येक पेशंटला दवाखान्याचा स्वतःचा नंबर द्या. त्याचे नियम साधे ठेवा:

– सहा आकडी असावा आणि पुढची शून्यं भरलेली असावीत: ०००४५७. शून्यं भरली नाहीत तर संगणक यादी लावताना १ नंतर १० घेतो आणि २ कुठल्या कुठे जातो.
– नंबरात वय, गाव, आजार, वर्ष काहीही गुंफू नका. ती माहिती बदलते, नंबर बदलता येत नाही.
– पेशंट दगावला किंवा दवाखाना सोडून गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका.

नंबर देण्याआधी सगळ्या चालू पेशंटांची यादी करा: नाव, जन्मतारीख, फोन, पत्ता. आधी फोननुसार लावून बघा, मग जन्मतारखेनुसार, मग नावानुसार. तीनही वेळा एकाखाली एक सारख्या वाटणाऱ्या ओळींवर खूण करा. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असं म्हणायला किमान तीन गोष्टी जुळायला हव्यात. दोनच जुळल्या तर नोंदी वेगळ्या ठेवा, शंकेची खूण करा आणि पेशंट आला की विचारा. वेगळ्या राहिलेल्या दोन नोंदी नंतर एकत्र करता येतात. चुकून एकत्र झालेल्या दोन माणसांच्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणं फार अवघड असतं.

वयाचा प्रश्न जवळपास प्रत्येक जुन्या केसपेपरवर येतो. तिथे जन्मतारीख नसते, नुसतं 'वय ४५' असतं. ते ४५ तसंच संगणकात टाकलं तर पेशंट कायम ४५ वर्षांचाच राहील. कागदावरची तारीख बघा. तो २०१६ चा असेल तर अंदाजे जन्मवर्ष १९७१ लिहा आणि 'अंदाजे' ही खूण वेगळ्या रकान्यात करा. १ जानेवारी १९७१ अशी खोटी तारीख भरून मोकळे होऊ नका. पुढे ती कुणालातरी खरी वाटेल आणि दोन वेगळी माणसं त्याच तारखेवर 'जुळतील'.

ही यादी एक्सेलमध्ये करत असाल तर नंबरांचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर पुढची शून्यं उडतात. आणि एक्सेल यादीपुरतंच वापरा, कायमचं दप्तर म्हणून नको. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण मोजणीतून गळले होते, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत.

तपासा: यादीतले कुठलेही वीस नंबर काढा. प्रत्येकाची कागदी फाइल कपाटातून पाच मिनिटांत हातात येते का? फाइलीवर तोच नंबर ठळक लिहिलाय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: कुणाला काय दिसणार

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. 'सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड' ही सोय वाटते, पण त्यामुळे चुकीची नोंद कुणी केली, कधी केली हे कधीच शोधता येत नाही. काउंटरवरच्या माणसाला नाव, फोन, वेळ आणि बिल दिसलं तरी पुरतं. मानसिक आजार, एचआयव्ही, गर्भपात अशा नोंदी उघडायची परवानगी ज्यांना कामासाठी खरंच लागते त्यांनाच द्या. संगणकाचा पडदा पेशंट बसतात त्या बाकाकडे तोंड करून ठेवू नका, आणि काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर तो आपोआप बंद होईल असं करा. संगणकाची हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, म्हणजे पासवर्डशिवाय तिच्यातलं काहीही वाचता येऊ नये. लॅपटॉप चोरीला गेला तर गेलेला लॅपटॉप नवा घेता येतो, बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही.

टप्पा ५: सॉफ्टवेअर निवडताना

विक्रेता जे दाखवतो ते सगळं चालतंच. तो जे दाखवत नाही ते विचारा. माझ्या मते पहिला प्रश्न एकच: उद्या आम्ही हे सॉफ्टवेअर सोडलं तर आमची सगळी माहिती बाहेर कशी निघेल? तोंडी उत्तर घेऊ नका. चाचणीच्या प्रतीत दहा काल्पनिक पेशंट भरा, त्यांना दोन-दोन स्कॅन जोडा आणि सगळं बाहेर काढायला लावा. माहिती साध्या तक्त्याच्या फाइलीत आणि स्कॅन पीडीएफमध्ये, पेशंटच्या नंबरासकट बाहेर आलं तर ठीक. नुसते पडद्याचे फोटो किंवा फक्त त्याच सॉफ्टवेअरला वाचता येणारी फाइल आली तर तिथेच थांबा.

बाकीचे प्रश्न: इंटरनेट गेलं तर काय दिसतं? नोंद दुरुस्त केली तर जुनी नोंद तारखेसह शिल्लक राहते की पुसली जाते? अ‍ॅलर्जी प्रत्येक पडद्यावर वर दिसते का? तुमच्या लिपीत नाव लिहून शोधता येतं का?

टप्पा ६: आजच्या पेशंटपासून सुरुवात करा

जुन्या कपाटाला अजून हात लावायचा नाही. एक तारीख ठरवा. त्या तारखेपासून येणारा प्रत्येक पेशंट संगणकात नोंदवायचा आणि त्याची भेट तिथेच लिहायची. जुन्या पेशंटची फाइल तो यायच्या आदल्या दिवशी काढून टप्पा २ मध्ये ठरवलेली माहिती भरायची, आणि तो आला की त्याच्यासमोर वाचून खात्री करायची. औषधं आणि अ‍ॅलर्जीबद्दल पेशंटपेक्षा जास्त माहिती असलेलं माणूस दुसरं नाही, आणि तो आयता तुमच्यासमोर बसलेला असतो. अशानं नियमित येणाऱ्यांच्या फाइली काही महिन्यांत आपोआप संगणकावर येतात, आणि वर्षानुवर्षं न आलेल्यांवर वेळ जात नाही.

सुरुवातीला पन्नास फाइली चाचणी म्हणून करा आणि एका फाइलीला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून लिहा. वेळापत्रक त्या आकड्यावर बेता. पहिले दोन आठवडे पेशंटांना थोड्या लांबच्या वेळा द्या, कारण डॉक्टरांचा वेग कमी होणारच.

इशारा: कागद आणि संगणक दोन्हीकडे नव्या नोंदी करणं चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त चालवू नका. दोन्हीकडे लिहायला लागलं की दोन्हीकडे अर्धवट राहतं, आणि खरं कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा ७: स्कॅन करण्याआधी कागद तयार करा

एकूण वेळेतला मोठा भाग इथे जातो, स्कॅनरवर नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, घड्या सरळ करा, फाटलेल्या कडा मागून पारदर्शक टेपनं जोडा, पानं तारखेनुसार लावा. फाइलीतली पानं मोजा आणि आकडा पेन्सिलीनं पहिल्या पानावर लिहा. हा आकडा पुढे पडताळणीत लागणार आहे, तो टाळू नका. एका वेळी टेबलावर एकाच पेशंटची फाइल. दोन फाइली शेजारी उघड्या ठेवल्या की पान इकडचं तिकडे जायला वेळ लागत नाही.

ईसीजीच्या पट्ट्या आणि सोनोग्राफीचे फोटो बहुधा थर्मल कागदावर असतात. उष्णता, उजेड, प्लास्टिकचं पाकीट आणि सॅनिटायझरचा ओला हात, सगळ्यांनी ते फिके पडतात किंवा काळे होतात. म्हणून बाकी काही मागे राहिलं तरी थर्मल कागद सगळ्यात आधी स्कॅन करा, आणि टिकावेत म्हणून त्यांना गरम लॅमिनेशन कधीही करू नका. सगळा कागद काळा होतो.

एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म साध्या स्कॅनरवर येत नाहीत, कारण त्यांतून उजेड आरपार जावा लागतो. फिल्म जपून ठेवा, तिचा लेखी रिपोर्ट स्कॅन करा, आणि यापुढे तपासणी केंद्राकडून मूळ प्रतिमा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाणित रूप) फाइलीत मागा.

टप्पा ८: स्कॅन

घेताना कागद आपोआप ओढणारा, दोन्ही बाजू एकाच वेळी घेणारा स्कॅनर घ्या. नाजूक आणि चिकटवलेल्या पानांसाठी काचेचा सपाट स्कॅनरही लागतो. सेटिंग एकदा ठरवा, लिहून स्कॅनरवर चिकटवा आणि रोज बदलू नका:

– ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके. बारीक छापील आणि हस्ताक्षर दोन्हीला पुरतं. २०० वर बारीक दशांश चिन्ह हरवायला लागतं.
– रंगीत. लाल शाईतली अ‍ॅलर्जी, हिरवी दुरुस्ती, शिक्के हे काळ्या-पांढऱ्यात सपाट होतात.
– पीडीएफ/ए. दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांसाठी २००५ पासून असलेलं हे प्रमाणित रूप आहे. अनेक वर्षांनी उघडायला अडचण येऊ नये म्हणून फॉन्टसकट सगळं फाइलीतच ठेवलेलं असतं.
– 'कोरी पानं वगळा', 'पार्श्वभूमी स्वच्छ करा', 'आपोआप कापा' हे पर्याय बंद. फिक्या पेन्सिलीत लिहिलेलं पान स्कॅनरला कोरं वाटतं, आणि तो ते न सांगता गाळतो.

दाबणीच्या, म्हणजे कॉम्प्रेशनच्या, बाबतीत जपून राहा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की काही कार्यालयीन स्कॅनर-कॉपियर यंत्रं स्कॅनमधले आकडेच बदलत होती: ६ च्या जागी ८ यायचा. अक्षर पुसट नव्हतं, चक्क स्वच्छ, सुबक आणि चुकीचं होतं. फाइल लहान करण्यासाठी ती यंत्रं सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी बसवत होती. त्यांना ते सापडलं एका इमारतीच्या नकाशात. क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टात असं झालं तर कुणाच्या लक्षात येईल? म्हणून अशी दाबणी करणारा 'जेबीआयजी२' हा पर्याय बंद ठेवा, 'सगळ्यात लहान फाइल' असा कुठलाही पर्याय निवडू नका, आणि नव्या यंत्रावर आकड्यांनी भरलेलं एक पान स्कॅन करून मूळ कागदाशी आकडान् आकडा ताडून बघा.

ईसीजीसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. नेहमीच्या २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगावर पाच मोठे चौकोन म्हणजे २५ मिलिमीटर आणि तो एक सेकंद. 'पानात बसवा' हा पर्याय चालू असेल तर ही मापं आकसतात, आणि छापील प्रतीवर पट्टी धरून मोजणाऱ्याची फसगत होते. १०० टक्के आकारात, रंगीत स्कॅन करा म्हणजे चौकोनांची जाळीही टिकेल. पहिला ईसीजी परत छापून पाच चौकोन पट्टीनं मोजा. छापतानाही आकार १०० टक्केच हवा.

स्कॅनरच्या काचेची अरुंद पट्टी दर गठ्ठ्याआधी पुसा. तिच्यावर बसलेला एक कण पुढच्या सगळ्या पानांवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढतो.

इशारा: मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं म्हणजे स्कॅन नव्हे. फोटो दाबला जातो, आकडे पुसट होतात, आणि पेशंटचा रिपोर्ट कुणाच्या तरी खासगी गॅलरीत आणि तिच्या क्लाउडमध्ये राहून जातो. भाड्याच्या कॉपियरवर स्कॅन करत असाल तर त्यातही हार्ड डिस्क असू शकते. यंत्र परत देण्याआधी ती पुसून घ्या आणि तसं लेखी घ्या.

टप्पा ९: फाइलीला नाव, लगेच

'आधी स्कॅन करून घेऊ, नावं नंतर देऊ' हे वाक्य ऐकू आलं की काम थांबवा. स्कॅन झालेली फाइल पुढचा पेशंट घेण्याआधी नाव देऊन त्याच्या नोंदीला जोडलेली असली पाहिजे.

नाव असं: पेशंटचा नंबर, कागदावरची तारीख, प्रकार. ०००४५७_२०१९-०४-०३_लॅब. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. इथे तारीख म्हणजे तपासणी झाली ती, स्कॅन केल्याची नव्हे. प्रकारासाठी सात-आठ ठरावीक शब्द पुरेत. फाइलीच्या नावात पेशंटचं नाव किंवा आजार घालू नका, कारण ती यादी नुसती उघडी राहिली तरी सगळं बाहेर पडतं. आकडे आणि प्रकाराचे शब्द संगणकावर इंग्रजीतच टाइप करा. काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावांच्या फाइली उघडताना अडतात.

छापील रिपोर्टांवर अक्षरओळख (ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकानं वाचणं) चालवली तर शोधायला मदत होते. पण हस्ताक्षरावर तिचा भरवसा धरू नका, आणि औषधाचं नाव किंवा मात्रा तिच्यातून कधीही उचलू नका.

टप्पा १०: टाइप करताना

अ‍ॅलर्जीच्या रकान्याला तीन उत्तरं हवीत: आहे (कशाची, काय झालं होतं), नाही असं पेशंटनं सांगितलं, आणि अजून विचारलेलं नाही. रिकामा रकाना 'नाही' समजला जातो, आणि तो समज जिवावर बेतू शकतो.

आकड्याला एकक जोडलेलंच हवं. रक्तातली साखर एक लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते, दुसरी मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोन्हींत अठरा पटींचा फरक आहे. ९० आणि ५ हे दोन्ही आकडे एकाच साखरेचे असू शकतात. अर्ध्याला ०.५ लिहा, नुसतं .५ नको, कारण टिंब हरवलं की ५ होतात. एकला १ लिहा, १.० नको, त्याचे १० होतात. 'युनिट'साठी एकटं इंग्रजी अक्षर वापरू नका, ते शून्यासारखं वाचलं जातं.

०३/०४/२०१९ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? लॅब कुठली पद्धत वापरते ते एकदा विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

निदान यादीतून निवडायला लावा. कुणी मधुमेह, कुणी डायबेटिस, कुणी डीएम, कुणी शुगर लिहिलं की मधुमेहाचे पेशंट किती हा साधा प्रश्नही अनुत्तरित राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण हाताशी आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीत प्रकार २ च्या मधुमेहाला ई११ आणि उच्च रक्तदाबाला आय१० असे कोड आहेत, आणि अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. सुरुवातीला तुमच्याकडे सर्वांत जास्त येणारे तीस-चाळीस आजार घेतले तरी भागतं.

हस्ताक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. 'वाचता येत नाही' लिहा आणि डॉक्टरांसाठी वेगळी यादी ठेवा.

टप्पा ११: पडताळणी

ज्यानं स्कॅन केलं त्यानं तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. स्वतःची चूक डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक फाइलीत तीन गोष्टी:

१. पेन्सिलीनं लिहिलेला पानांचा आकडा आणि स्कॅनमधल्या पानांचा आकडा. दोन्ही बाजूंना लिहिलं असेल तर त्याप्रमाणे.
२. प्रत्येक पानावर याच पेशंटचं नाव आहे का. दुसऱ्याचा रिपोर्ट चुकून याच्या फाइलीत वर्षानुवर्षं पडून राहिलेला असतो. तो तसाच स्कॅन झाला की त्याला अधिकृत रूप मिळतं.
३. अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं, मूळ कागदाशी ताडून, मोठ्यानं वाचून.

बाकी मजकूर दर शंभर फाइलींतून दहा उचलून तपासला तरी चालेल. त्या दहांत ओळखीची एक जरी चूक निघाली, म्हणजे चुकीच्या पेशंटला जोडलेला कागद सापडला, तर त्या गठ्ठ्याच्या शंभरही फाइली तपासा. इथे सूट नको.

चुकीची नोंद सापडली तर ती पुसू नका. दुरुस्ती नवी नोंद म्हणून करा, तारीख, नाव आणि कारण लिहून.

टप्पा १२: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दवाखान्याबाहेर. शिवाय एक प्रत अशी हवी जी काम झालं की संगणकापासून काढून ठेवली जाते. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो, काढून ठेवलेली त्याला सापडत नाही. क्लाउडशी आपोआप जुळणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते.

तपासा: महिन्यातून एकदा बॅकअपमधून पाच पेशंट दुसऱ्या संगणकावर परत आणून बघा. स्कॅन उघडतात का, नंबर जुळतात का, बघणाऱ्याची सही आणि तारीख वहीत.

वीज किंवा संगणक बंद पडला तर वापरायचे छापील कोरे फॉर्म काउंटरवर ठेवा. संगणक सुरू झाला की त्याच दिवशी त्यांतल्या नोंदी भरायच्या.

टप्पा १३: कागदाचं काय करायचं

पडताळणी झालेल्या फाइलीवर शिक्का मारा: स्कॅन झालं, तपासलं, तारीख, दोघांच्या सह्या. अशा फाइली नंबरानुसार खोक्यांत भरा आणि खोक्यावर पहिला-शेवटचा नंबर लिहा. नियम नष्ट करायला परवानगी देत असला तरी किमान सहा महिने थांबा. या काळात कोण कुठली कागदी फाइल पुन्हा मागतं आणि का, हे एका वहीत लिहा. स्कॅन वाचता आला नाही म्हणून कागद मागावा लागत असेल तर तो प्रकार परत स्कॅन करायला घ्या, आणि ते संपेपर्यंत नष्ट करण्याचा विषय काढू नका.

कोर्टाशी किंवा विम्याच्या वादाशी संबंधित कागद, मूळ सहीची संमतीपत्रं आणि ज्यांचा स्कॅन अस्पष्ट आला ते कागद नष्ट करायच्या खोक्यात टाकायचेच नाहीत. त्यांचं कपाट वेगळं. बाकीचे रद्दीत घालू नका. आडवे-उभे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून, दवाखान्याच्या माणसासमोर नष्ट करा. पेशंटचा नंबर, कागदांचा कालावधी, नष्ट केल्याची तारीख आणि साक्षीदाराची सही अशी यादी करा. ही यादी कायम ठेवायची, संगणकावरही आणि कागदावरही.